फुंकणी

डॉक्टरांनी विचारलं, पंप रोज घेता ना?
मी मान हलवली.
मान हलवायला श्वास लागत नाही.

घरी तो तांदळाच्या डब्यामागे असायचा.
सकाळी दोन, रात्री दोन, असं कागदावर.
मी सकाळचेच ओढायची,
आणि धाप नसेल त्या दिवशी तेही नाही.
महिन्याचा पंप दोन महिने पुरला
की संसार केल्यासारखं वाटायचं.

वत्सल वन्सं म्हणाल्या, एकदा लागला की सुटत नाही हो,
दारूसारखं असतं ते.
त्यांचा नवरा दारूनं गेला,
त्यांना सगळंच तसं दिसतं.
पण रात्री एकटीला
ते खरं वाटायचं.

वाळपईच्या बसमध्ये तोंडाला लावला एकदा,
तर शेजारणीनं आपलं पोर
खिडकीकडे सरकवलं.
पुढं वर्षभर स्टँडच्या भिंतीमागे जाऊन ओढला,
चोरून विडी ओढावी तसा.

विडी कधी नव्हतीच.
फायलीत त्या रकान्यात 'नाही' लिहिलंय.
काजूच्या कारखान्यात सतरा वर्षं बिया भाजल्या,
टरफलांचं तेल जळतं तेव्हा धूर काळा, चिकट,
बोटांची कातडी सोलायची आणि परत यायची.
आत काय सोललं ते कुणी पाहिलं नाही.
धुराला फायलीत रकाना नव्हता.

मग ती व्यायाम शिकवणारी पोर आली, म्हापशाची,
ज्योविता.
म्हणाली, नाकानं आत, दोन मोजा.
आता ओठ गोल, चार मोजत बाहेर,
समोरचा दिवा हलावा पण विझू नये.
मी केलं.
ती बघतच राहिली. कुठं शिकलात?

मी हसले.
हसायला श्वास लागतो, तो खर्ची घातला.
अगं बाये, चाळीस वर्षं
ओल्या लाकडांपुढे फुंकणी धरून
हेच तर तोंड केलंय.
हेच.

पंपाच्या पाठीला इवलीशी खिडकी आहे, तिच्यात आकडा.
मला तो चष्म्यानंही दिसत नाही.
नातू वाचतो, वेदांग, पहिलीतला.
आजी, अठ्ठ्याण्णव!
दुसऱ्या रात्री पुन्हा अठ्ठ्याण्णव निघाले
तर पाटी आपटली त्यानं,
चौऱ्याण्णव पाहिजेत, बाईंनी असंच शिकवलंय.
तेव्हापासून डबा पुढे, पंप त्याच्याही पुढे,
देवाच्या फळीवर.
उदबत्ती मात्र आता अंगणात, तुळशीपाशी.
वन्संना ते पटलेलं नाही.

चवथीला सुनेनं नेवऱ्या गॅसवर तळल्या.
चुलीवरची चव नाही आली, कुणी बोललं नाही.
मी दोन खाल्ल्या.

काल पुलापर्यंत चालत गेले.
जाताना फणसाखाली एकदा बसले,
येताना दोनदा.
मधे शिवा गावसाचा ट्रक धूळ उडवत गेला,
मी पदर नाकाला लावला
आणि उभी राहिले,
ओठ गोल करून,
खाली चूल नसताना.