सात ते दहा

चॅनेलवाले म्हणाले, विद्यापीठाची मॅच कोण बघतं?
बरं, सात ते दहा घ्या. पुढे गालिच्यांचा सेल आहे.
मी विचारलं, ओव्हरटाइम झाला तर?
पलीकडे कुणीतरी सफरचंद खात होतं.

कॅमेरा एकच, नाट्यविभागाकडून उसना.
एइनो सारेला तो ब्लँकेटात गुंडाळून आणतो,
आजारी कोंबडी आणावी तसा.
रिंकच्या गारठ्यात बॅटरी अर्ध्या तासात मान टाकते,
दुसरी तो काखेत धरून बसतो.
पक कुठे गेला
हे आम्हालाही लोकांच्या ओरडण्यावरूनच कळतं.

आज दोन-दोन. दहाला तीन मिनिटं कमी.
तिकडे हॅनकॉकच्या पुढे, खिडकीपर्यंत साचलेल्या बर्फात,
गोलकीपरची आई आयरिस
रात्रपाळी बदलून टीव्हीसमोर बसलीय.

दहा वाजले.
एइनोला कुणी सांगितलंच नाही.
तो शूट करत राहिला:
तिच्या पोरानं आडवं पडून
ग्लोव्हच्या टोकावर थांबवलेला पक,
हंगामात पहिल्यांदाच
नीट फोकसमध्ये.

फोन वाजतो. काय झालं रे?
मी सांगायला लागतो,
पण तिच्याकडून टीव्हीवरची बाई
मोठ्यानं सांगतेय,
घाई करा,
निळ्या रंगात आता फक्त सहाच उरलेत.