एक फोड कमी

रविवारी साडेनऊला, कालव्यावरच्या फिरत्या पुलापाशी
आम्ही जमतो. कधी सहा, कधी चौघंच.
डोरीन हॅदरसॉल, तीस वर्षं बस चालवून निवृत्त,
कमरेला अजून चाव्यांचा जुडगा, आता त्यात एक भिंग.
ग्लिन, जो थर्मासमधला चहा कुणाला देत नाही.
जेथ्रो मेटकाफ, वय अकरा.
आणि मी. आठवडाभर इस्पितळाच्या लॅबमध्ये
लोकांच्या पेशी मोजते,
सुट्टीच्या दिवशी पाय. आठ भरले की बरं वाटतं.

स्किप्टनमधला सप्टेंबर म्हणजे
कठड्याच्या दर दोन गजांत एक संसार.
दव असतं म्हणून दिसतात,
एरवी आम्हीही पुढे गेलो असतो
कुत्री फिरवणाऱ्यांसारखे.

पहिल्या दिवशी डोरीनने विचारलं होतं,
तुमच्या भाषेत याला काय म्हणतात?
कोळी, म्हटलं.
आणि त्याला?
कोळी.
आणि तो, जाळं न विणता गवतात पळत सुटलेला?
तोही.
ग्लिन हसला. आमच्या बेटावर साडेसहाशे जाती आहेत, बाई.
जाती कशा मोजायच्या ते मला शिकवू नका,
असं अगदी ओठांवर आलं होतं.

त्याऐवजी सांगितलं,
कोळी म्हणजे मासे धरणारासुद्धा.
मातीचं इवलं मडकं करते ती माशी कुंभारीण.
शंभर पायांनी सावकाश, हिशेब करत जातो तो वाणी.
म्हणजे गावच की, डोरीन म्हणाली.
हो, गावच.
आणि दिवाळीआधी लांब बांबू, टोकाला बांधलेली केरसुणी,
दुपारपर्यंत अख्खं गाव खाली.
जळमटं, एवढाच शब्द.
त्यात कोण होतं ते कुणी वाकून पाहिलं नाही.
मीही नाही. मी बांबू धरला होता.

आज जेथ्रोने हाक मारली.
दिव्याच्या खांबाला एक जाळं,
गोल, आखल्यासारखं, पण वर डावीकडे
संत्र्याची एक फोड काढून घ्यावी तशी मोकळी जागा.
त्या मोकळ्या जागेतून एकच धागा
वर, गंजलेल्या खाचेपर्यंत.
आत ती. पुढचा पाय धाग्यावर,
कडीवर हात ठेवून पडलेल्या बाईसारखी.

तुटलंय बिचारीचं, मी म्हणाले.
नाही, जेथ्रो म्हणाला. ती असंच विणते.
लहान असतात तेव्हा पुरतं विणतात बहुतेक वेळा,
मोठ्या झाल्या की फोड सोडतात.

मला लगेच काहीबाही सुचायला लागलं,
मोकळी जागा, एक धागा, पहाटे चारला
उशीखाली थरथरणारा मिरजेचा फोन,
डोरीनने माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं असावं.
ते घरी जाऊन, ती म्हणाली. इथे फक्त
काय, कुठे, केव्हा, कुणी.

ग्लिनने खिशातून नादकाटा काढला,
शाळेत असायचा तसाच, बुटाच्या टाचेवर मारला
आणि जाळ्याला हळूच टेकवला.
ती धावत खाली आली.
लोखंड चाचपलं. माशी नव्हती.
परत गेली, पाय धाग्यावर ठेवला.
रागावत नाहीत त्या, ग्लिन म्हणाला,
आणि झाकणात चहा ओतला. स्वतःलाच.

तर.
मादी. पाठीवर चंदेरी पान, कडा काळपट.
दिव्याचा खांब, पूर्वेची बाजू, माझ्या खांद्याइतका उंच.
अठरा सप्टेंबर, दव भरपूर, वारा नाही.
कुणी, या रकान्याशी पेन जरा थांबलं.
जेथ्रो मेटकाफ, असं लिहिलं.
तो बघत होता, स्पेलिंग बरोबर आहे का.
खाली, उरलेल्या जागेत, के. टिळेकर.
फॉर्मवर दवाचा एक थेंब पडला होता,
नेमका ट वर.