रेघेच्या अलीकडचं

गेल्या वर्षी निगमची माणसं बियाबानीत आली
आणि आमच्या बैठकीच्या भिंतीवर
लाल रंगात लिहून गेली : ११ फूट.
रस्ता रुंद व्हायचा होता.
समोरचे पुराणिक म्हणाले, अर्ध्या घरात कोण राहणार,
आणि सगळंच पाडून निपानियाला गेले.
आम्ही अकरा फुटांवर थांबलो.
तीन महिने मोरीच्या हिरव्या टाइल्स
येणाऱ्याजाणाऱ्याला दिसत राहिल्या.
मग भिंत झाली.

आता डॉक्टर सोजतिया बॉलपेननं
कागदावर उलटा पेरू काढतात.
देठाशी ठिपका. देखिए, दो सेंटीमीटर से कम.
मग दोन रेघा.
एक लांबून, आजूबाजूचं सगळं घेऊन,
मूत्राशयाकडे जाणाऱ्या नसांच्या जाळ्यातून.
दुसरी जवळून. पिशवी आणि तिचं तोंड, बस्स.
गाठी तपासायच्याच, त्या दोन्हीत.

तुमच्यासारख्या केसमध्ये निकाल जवळजवळ सारखेच, त्या म्हणाल्या.
सारखे म्हणजे किती?
तीन वर्षांत शंभरातल्या दोघीतिघींना
तिथेच परत उद्भवतो. दोन्हीकडे.
'कुणालाच नाही' म्हणाल्या असत्या
तर मी दुसरा दवाखाना शोधला असता.

देवासहून कुंदाताईंचा फोन :
कापतातच आहेत तर नीट कापू दे गं,
त्यात कसली कंजूषी?
बावीस हजार त्यांनी आधीच पाठवलेत.
त्यांच्यावर चिडताही येत नाही.

मथूमावशी वाचली.
हे आधी लिहायला हवं होतं.
एक्याण्णव साली मोठी रेघ, आणि पुढे तीस वर्षं जगली.
पण नळ सोडून बसायची, ओटीपोटावर मूठ दाबून,
दर तीन तासांनी, घड्याळ बघून,
कारण लागलीय हे तिला कळायचंच नाही.
लग्नघरी पाऊल टाकताच पहिलं विचारायची, बाथरूम कुठंय.
उज्जैनची बस तर तिनं सोडूनच दिली.
तिच्यापुढे कुणी पेरू काढला नव्हता.

रात्री श्रीरंगला विचारलं,
मी भित्री आहे म्हणून कमी मागतेय का?
आणि मागे ठेवलेल्या त्या दोन बोटांत काही राहिलं तर?
तो बराच वेळ जागा होता.
साडेचारला नर्मदेचं पाणी आलं,
तो उठून मोटर लावायला गेला.
परत आला तेव्हा पाय ओले होते.
म्हणाला, मला माहीत नाही.
दहा दिवसांत
पहिल्यांदाच कुणीतरी हे म्हटलं.

फॉर्मवर काय काढणार ते छापलेलं होतं.
मी म्हटलं, काय ठेवणार तेही लिहा.
डॉक्टर हसल्या. मग लिहिलं, तिरक्या घाईच्या अक्षरात :
दोन्ही अंडाशय. मूत्राशयाच्या नसा. बाजूचे पदर.
वाचता येईना, म्हणून पुन्हा वाचून घेतलं.
सही केली.

बाहेर आले, बाकावरच्या बाईला विचारलं,
बाथरूम कुठंय?
लागली होती.
मला कळत होतं.