सतरा जोड्या

विट्याच्या हॅचरीतून अंडी एसटीनं येतात,
भाताच्या तुसात, ड्रायव्हरच्या पायाशी.
सांगलीच्या स्टँडवर बशीर शिकलगार ती उतरवून घेतात
आणि सायकल हातात धरून कॉलेजपर्यंत चालत येतात.
तीस वर्षं. एकही फुटलं नाही, म्हणतात.
मी दोन पाहिलीत.

बुधवारी रात्री तीन तास वीज नव्हती.
उबवणपेटीवर मामांनी वाकळ टाकली,
वर स्वतःचा स्वेटर.
सकाळी मी म्हटलं, गेली ही बॅच.

कवचाला खिडकी पाडली.
पिवळ्यावर एक लाल ठिपका धडधडत होता,
खाली, मणके होऊ घातलेले ठोकळे,
डावीकडे एक की उजवीकडे एक.
मामा ओठांतल्या ओठांत मोजतात. सतरा.
एकोणीस जोड्या हव्या होत्या.
दीड तासाला एक, म्हणजे तीन तासांच्या दोन:
हिशोब चोख.
अर्धवट जोडी कुठेच नाही.

वर्गाला मी सांगते ते असं:
एक जनुक स्वतःलाच बंद करणारं प्रथिन बनवतं.
साठलं की बंद, विरलं की पुन्हा सुरू.
गच्चीवरच्या टाकीतला तरंगता बॉल आठवा.
मग पेशी शेजारणीला कळवते, माझं सुरू झालं गं,
तीही त्याच ठेक्यात येते.
नकाशा कुणाजवळच नाही.
मुकादम नाही.
नुसतं हे थांब आणि चल,
आणि त्यातून एक पाठ.

मागच्या बाकावरून तेजल कोळेकर विचारते,
"मग चुकत कसं नाही?"
चुकतं, मी म्हणते,
आणि पुढचं वाक्य सापडत नाही.

मामा नळाखाली वॉचग्लास धूत होते.
डाव्या अंगठ्याला लागून त्यांचं सहावं बोट.
तिकडं न बघायला आम्ही सगळे
नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात शिकलो.
त्यांनीच ते वर धरलं, फेसासकट:
"चुकलं तरी बोटच आलं की, मॅडम.
भलतंच काय आलं नाही."

पेर आहे. नख आहे.
नखाच्या मुळाशी पांढरी चंद्रकोर.
नको त्या कडेला कधीतरी एक दिवा लागला,
आणि उजेड दिसला म्हणून
तिथल्या पेशींनी कामाला लागून
आख्खं बोट पुरं केलं.

तेजलनं वहीत काय लिहिलं मला माहीत नाही.
उरलेली अकरा अंडी पेटीत परत गेली.
वीज होती.
स्वेटर मात्र कुणी काढला नाही.