हिरवी वायर

बस्त्यावच्या बर्फाच्या कारखान्याचं काम घेतलं
तेव्हा कागद केला नाही.
त्यानं तळलेले बांगडे पुढे सरकवले,
मी बोटं चाटत भिंतीवर पेन्सिलीनं रेघा मारल्या:
इथे मोटार, इथे पॅनल,
इथून केबल, मिठाच्या टाकीच्या डोक्यावरून.
पैशांचं काढलं तर म्हणाला,
"तू काय परको आसस?"

सातवीत आम्ही एका बाकावर.
वेंगुर्ल्याच्या बंदरात त्याच्या बापाची होडी लागली
की वाट्यातली मासळी आधी आमच्या दारात यायची.
हे कुठल्या दरपत्रकात धरायचं?

बाहेरच्या गिऱ्हाइकाला मी सरळ सांगतो,
गळतीचा ब्रेकर नसेल तर जोडणार नाही.
पक्कड हातात धरून नुसता उभा राहतो.
तो चिडतो, घड्याळ बघतो, मग पैसे काढतो.
बस्त्यावलाही सांगितलं.
"सीझन संपांदे. मगे लाव तुका होया ता."
मी जोडून दिलं.
रिपोर्टवर सही केली, खाली परवान्याचा नंबर,
शाळेत शिकवलेल्या वळणदार अक्षरात.

अर्थिंगचा खड्डा मात्र स्वतः खणला.
जांभा फुटेना, पहार उसळून मनगटात कळ जाई.
एक थर कोळसा, एक थर मीठ, पुन्हा कोळसा.
बस्त्याव वर उभा राहून हसत होता,
"समुद्र बाजूक आसा, नि तू मीठ इकत हाडलंस?"

उद्घाटनाला पाद्री आले, पाणी शिंपडलं.
(मी डोळ्यांनी थेंब मोजत होतो,
पॅनलकडे किती गेले.)
बस्त्यावनं माझ्या खांद्यावर हात टाकून
सगळ्यांना सांगितलं,
"लायटीचा सगळा ह्योच बघता."

खाऱ्या वाऱ्याला ओळखपाळख नसते.
चार महिन्यांत स्क्रूवर मोरचूद चढतो.
येता-जाता मी डोकावायचो, टर्मिनल घासायचो,
पैसे मागायचो नाही,
आणि मागत नव्हतो म्हणून आवाजही चढवायचो नाही.
फुकट राबणाऱ्याला
रागवायचा हक्क राहत नाही,
हे मला फार उशिरा कळलं.

नारळी पुनवेनंतर होड्या सुटल्या,
रात्रंदिवस बर्फ.
झारखंडचा बुधनाथ, अनवाणी,
लोखंडी आकड्यानं डबा ओढायला गेला
आणि टाकीला चिकटला.
कुणीतरी लाकडी फळीनं त्याला पाडलं म्हणून वाचला.
उजव्या हाताची दोन बोटं अजून मिटत नाहीत.

मी पोचलो तेव्हा आधी खड्ड्याकडे गेलो.
हिरवी वायर नव्हती.
वीतभर तुकडा मातीतून वर आलेला, बस.
बाकीची मागच्या बाजूला सापडली,
ताडपत्री बांधायला कापलेली, घट्ट, दोन गाठी मारून.
बस्त्यावचा मेव्हणा म्हणाला,
"तेच्यात करंटच नाय होतो."
खरंच होतं ते.
तिच्यात कधीच काही नसतं,
वेळ येईपर्यंत.

ओरोसहून साहेब आले.
रिपोर्ट उजेडाकडे धरून विचारलं, ही सही कुणाची?
बस्त्याव टाकीतल्या पाण्याकडे बघत होता.
मग म्हणाला,
"लायटीचा सगळा ह्योच बघता."
शब्द तेच.
खांद्यावर हात नव्हता.

आठ दिवसांनी मी ब्रेकर घेऊन गेलो, कुडाळहून,
माझ्या पैशानं.
त्यानं बॅटरी धरली. उजेड हलत होता.
कुणी काही बोललं नाही.
नवी हिरवी वायर ओढली, लग बसवले, झाकण लावलं,
मग ब्रेकरचं चाचणीचं बटण दाबलं.
खट्.
सगळा कारखाना काळोख, मोटारीही थांबल्या,
बाहेर भरतीचं पाणी धक्क्याला लागत होतं तेवढंच.

बॅटरी त्यानं विझवली होती की संपली होती, माहीत नाही.
काळोखातून पहिल्यांदाच विचारलं,
"कितके झाले?"

मी आकडा सांगितला.