निरंक

वसमत रोडला, जिनिंगच्या पलीकडं,
पत्र्याच्या लांब शेडमागं एक खोली आहे.
खोलीला एसी आहे. तो माणसासाठी नाही, मशीनसाठी.
तिथं मी रात्री दहा ते सहा बसते.
सोळा चौकटी, दोन डोळे.
टायपिंगची परीक्षा चाळीसच्या स्पीडनं पास झाले होते,
इथं बोटांना काम नाही.

दीडला सेलूकडून गाडी येते.
क्रेट उतरतात, चौकट दोन.
मे महिन्यात डांबर रात्रीसुद्धा तापलेलं असतं,
काही क्रेट उतरतात तेच गप्प.
त्या कोंबड्या वेगळ्या मोजायच्या.
त्यांचा रकाना आहे: वाटेत.

चौकट पाचमध्ये त्यांना उलटं टांगतात.
तिथले दिवे निळे आहेत म्हणे,
निळ्यात कोंबडीला रात्र वाटते, फडफडत नाही.
माझ्या पडद्यावर निळं राखाडी दिसतं.
आवाज नाही.
आवाजाची वायर कोटेशनमध्ये महाग पडत होती.
पहिला आठवडाभर आवाज मीच घालायचे मनातून,
लहानपणी न्हाणीमागं कोंबडी कापताना
आई मला उगाच मीठ आणायला पाठवायची,
तेव्हा बरणीपाशी उभं राहून ऐकलेला.
मग तोही संपला.

कॅमेरे बसले तेव्हा अंबेकर साहेब म्हणाले,
बाहेरच्या पार्टीची अट आहे,
मुक्या जिवाचे हाल नकोत.
छापील फॉर्म आले. रकाना पहिला:
पक्ष्यास अनावश्यक वेदना.
मी विचारलं, सर, आवश्यक किती असते?
ते हसले. म्हणाले, कावेरी, निरंक लिहायचं.
चारशे अकरा रात्री झाल्या.
बाकी अक्षर माझं यथातथाच,
पण तो एक शब्द आता छापल्यासारखा येतो.

खालचे रकाने मात्र भरतात.
कोण लघवीला किती वेळा गेलं,
कोण भिंतीला टेकलं,
पिसांच्या मशीनवरची गोदावरी
लेकराचा फोन आला म्हणून कोपऱ्यात, दोन मिनिटं.

परवा चौकट सात.
जब्बारचाचा सुरीवर.
रांग चालू, मिनिटाला बावीस.
त्यांनी बटण दाबलं. रांग थांबली.
खिशातून बाटली काढून झाकणात पाणी ओतलं
आणि समोरच्या उलट्या चोचीला लावलं.
पाणी सांडलं असणार.
कारण मग त्यांनी ती मान
तळहातावर उचलून सरळ धरली,
झाकण पुन्हा भरलं.
एकीलाच. बाकीच्यांना नाही.
तिलाच का, ते दिसत नाही,
कॅमेरा त्यांच्या पाठीमागून आहे.
वरच्या कोपऱ्यात सेकंद पळत होते.
अकरा.
मग बटण. मग सुरी.

मी फॉर्म उलटून बघितला.
पाण्याचा रकाना नव्हता.
सोडून देता आलं असतं,
पण साहेबांना झोप येत नाही,
ते पुण्यात पडल्या पडल्या मोबाइलवर बघतात.
लिहिलं: चौकट ७, विलंब, ११ सेकंद.
वर, रोजच्यासारखं, निरंक.
चाचांचा अर्धा दिवस कापला गेला.

सकाळी गेटबाहेरच्या टपरीवर भेटले.
हातांना फिनेलचा वास.
त्यांना माझं ठाऊक नव्हतं. किंवा होतं.
दोन चहा त्यांनीच सांगितले,
माझ्या तोंडाकडं बघितलं
आणि म्हणाले, "रातभर उजाले में बैठती तू,
आँखां को पानी मारते जा बेटा."
टपरीवरचा जग उचलला.
मी ओंजळ धरली, मान खाली घातली.
टपरीवाला आतून ओरडला,
"पुरे की चाचा, दोन दिस झाले टँकर येईना झालाय!"

चाचांनी आणखी थोडं ओतलं.