थोडक्यात टीप लिहा : हिमनदी

बत्तीस वर्षं मी हिमनदी शिकवली
घणसोलीच्या पालिका शाळेत, सातवी ब,
निळ्या खडूने; निळा संपला की पांढऱ्याने.
हिमगव्हर, हिमोढ, यू आकाराची दरी.
चार गुणांना एक टीप.
एकदा मागच्या बाकावरून एकाने विचारलं,
बाई, नदी आहे तर तिचा आवाज येतो का?
मी म्हटलं, हे परीक्षेला नाही.

निवृत्त झाले, तेव्हा भाचीने अलास्काचं तिकीट पाठवलं.
तिथली सहा तासांची बोट, वाटाड्यासकट.
देवमासा दिसला नाही तर पैसे परत मिळणार नाहीत
हे नीलाक्षीने आधीच वाचून दाखवलं.

गरम कोटाला नऊ हजार पडत होते.
खालच्या मजल्यावरचे सोनवलकर आपला देऊन गेले,
तुर्भ्याच्या शीतगृहातला,
पाठीवर क्रमांक एकेचाळीस,
खिशात दोन वाटाणे, सुकून गोट्या झालेले.
पुठ्ठ्याचा, मासळीचा, अमोनियाचा वास
विमानात शेजारच्याने दोनदा मान वळवून पाहिला.

बोटीवर मेगन नावाची मुलगी दुर्बिणी वाटत होती.
पाणमांजर पाण्यावर उताणं पडलेलं,
पोटावर पिल्लू,
एसटीत झोपलेली बाई पिशवी धरते तसं धरलेलं.
खडकावर सील, भिजलेल्या पोत्यांसारखे.
लाल चोचीचे पफिन पाण्यावरून धडपडत निघाले
आणि घंटा झाल्यावर फाटकातून घुसणारी
माझी पोरं मला आठवली.
देवमासा आला नाही.

मग इंजिन बंद झालं. ती समोर होती.
मी काढलेली एकही आकृती तिच्यासारखी नव्हती.
कडेला मळकी, काळी, आणि मधे असा निळा
जो खडूच्या डब्यात कधी आलाच नाही.
एक कडा सुटला, पाण्यात गेला,
अगदी गुपचूप.
मी मोजलं, एक, दोन, तीन, चार,
तेव्हा कुठे आवाज आला,
वरच्या मजल्यावर कुणी कपाट सरकवावं तसा.
त्या मुलाचं नाव आठवेना.
भोईर होता, एवढंच.

मेगन म्हणाली, मी शाळेत होते तेव्हा ती इथवर होती,
आणि बोटीच्या मागे हात केला,
उघड्या पाण्याकडे.
मेगन फार तर सव्वीसची असेल.

कोट धुऊन परत केला.
सोनवलकरांनी विचारलं, थंडी किती हुती, बाई?
सात अंश, मी सांगितलं, थोडं मिरवतच.
ते हसले नाहीत. चेन वर-खाली करून पाहिली.
आमच्या खोलीत उणे अठरा, म्हणाले.
मधी दोनदा भाईर सोडत्यात, च्याला.

जानेवारीत एका रविवारी
मी त्यांना ऐरोलीला घेऊन गेले, खाडीतली बोट दाखवायला.
तिकीट मी काढलं. कोटाचं भाडं, म्हटलं.
नाव वल्हवल्यासारखी हळू चालवत
केणी पुढे उभा राहून सांगत होता,
जोरान बोलू नका, उरतील.
रोहित होतेच, अख्खी खाडी गुलाबी करून.
पण त्याने बोट दाखवलं चिखलातल्या एका
लांब चोचीच्या, मातकट पाणटिवळ्याकडे.
यो लय वरशी आयलाय, बरफाचे मुलखानशी.
पायात कडी होती, तिच्यावरचा आकडा
लुकलुकत होता, वाचता येत नव्हता.
मी वही काढली. जुनी सवय.

सोनवलकर पक्ष्यांकडे पाठ करून बसले होते,
तोंड सूर्याकडे,
दोन्ही तळवे मांडीवर उघडे टाकून.
बोटांच्या टोकांना पांढुरकी साल सुटली होती.
दुर्बीण देऊ का, मी विचारलं.
ऱ्हाऊ द्या. ऊन लागतंय, ते बघतोय.

केणीने इंजिन बंद केलं.
ओहोटी लागली होती.
चिखल हळूहळू वर येत होता
आणि बारीक, सतत, बुडबुडत होता.
मी वही मिटली
आणि ऐकत राहिले.